आयनांचे मठारकाम

यंत्रशाळेत भोके पाडणाऱ्या ड्रिलवर, आटे पाडणाऱ्या टॅपवर किंवा गिअरचे दाते कापणाऱ्या हॉबवर जो सोनेरी रंग दिसतो, तो सोन्याचा मुलामा नसून टायटॅनियम नायट्राइड या सिरॅमिक पदार्थाचा २ ते ५ मायक्रॉन जाडीचा थर असतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाच्या डोक्यावरचा केस ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो, आणि त्याच्या दहाव्या-विसाव्या हिश्शाइतका हा लेप पोलादी हत्याराचे आयुष्य कित्येक पटींनी वाढवतो, ही मुळातच नवलाची गोष्ट आहे. भोसरी-चाकणपासून नाशिकच्या सातपूर-अंबडपर्यंतच्या कारखान्यांत कोटिंग केलेले टूल आता इतके रोजच्या वापरातले झाले आहे की त्यामागचे विज्ञान सहसा कुणाच्या बोलण्यात येत नाही. त्या विज्ञानाचे मर्म असे, की हा थर केवळ टायटॅनियम आणि नायट्रोजन या घटकांमुळे टिकाऊ होत नाही. तेच दोन घटक, तेच प्रमाण आणि तीच जाडी राखूनही भुसभुशीत, पटकन सोलून निघणारा थर बनवता येतो. चांगल्या आणि वाईट थरात फरक पडतो तो मुख्यतः थर वाढत असताना त्याच्यावर आयनांचा मारा किती आणि कसा झाला यावरून.

पुण्याच्या तांबट आळीत तांब्याचे भांडे घडवून झाल्यावर त्याच्या अंगावर हातोडीचे एकसारखे, हलके ठोके देण्याचे जे मठारकाम चालते, त्याने भांड्याला चकाकी येते आणि त्याच ठोक्यांनी तांबे कठीण होऊन भांडे सहजी चेपत नाही. आयनांचा मारा हे अणूंच्या पातळीवरचे मठारकाम म्हणता येईल. साम्य अर्थात एका मर्यादेपर्यंतच खरे आहे, कारण तांबट आधी घडवलेल्या भांड्यावर ठोके देतो, तर इथे भांडे अणूअणूने घडत असतानाच ठोके पडत असतात आणि हातोडी म्हणजे वेगाने आलेला एकेकटा अणू असतो. परंतु जोराच्या मोजक्या घावांपेक्षा हलके पण पुष्कळ ठोके बरे, हे तांबटाच्या हाताला ठाऊक असलेले तत्त्व या क्षेत्रातल्या संशोधकांच्या पुरते ध्यानात यायला जवळजवळ तीन दशके लागली.

सिरॅमिक म्हटले की लोणच्याच्या बरण्या आणि न्हाणीघरातल्या फरशा डोळ्यांसमोर येतात, पण पदार्थविज्ञानात धातूंची किंवा सिलिकॉनसारख्या मूलद्रव्यांची ऑक्सिजन, नायट्रोजन, कार्बन अथवा बोरॉन यांच्याशी झालेली घट्ट संयुगे या सगळ्यांनाच ही संज्ञा लावतात. ॲल्युमिना, सिलिकॉन कार्बाइड, क्रोमियम नायट्राइड, बोरॉन नायट्राइड ही त्यांतली काही नावे. या संयुगांतील अणूंचे बंध इतके बळकट असतात की अणूंचे थर एकमेकांवरून सहज घसरत नाहीत, आणि पदार्थाच्या कठीणपणाचे मूळ या न घसरण्यातच आहे. कठीण केलेल्या हायस्पीड स्टीलचे काठिण्य ८ ते ९ गिगापास्कल भरते, तर टायटॅनियम नायट्राइडचे २० ते २५ गिगापास्कल. मात्र ज्या गुणामुळे सिरॅमिक कठीण होते त्याच गुणामुळे ते ठिसूळही होते. भार आल्यावर थोडे वाकून तो सोसण्याची सोय त्यात नसल्याने त्याला तडा जातो. म्हणून गाभा चिवट पोलादाचा ठेवून फक्त झिजणाऱ्या पृष्ठभागावर सिरॅमिकची कातडी चढवणे हा शहाणपणाचा मार्ग ठरतो. शस्त्रक्रियेच्या जाहिरातींत ज्याला ‘सोनेरी गुडघा’ म्हणतात, त्या कृत्रिम सांध्यावरही सोने नसून अशाच नायट्राइडचा लेप असतो.

अशी कातडी चढवण्याची सर्वांत सरळ पद्धत म्हणजे निर्वात केलेल्या बंद कक्षात धातूची वाफ तयार करून, तिला नायट्रोजनची जोड देऊन, ती वस्तूवर साचू देणे. अडचण अशी की वाफेतून येणाऱ्या अणूजवळ फारच थोडी ऊर्जा असते. अणूंच्या जगात ऊर्जा इलेक्ट्रॉन-व्होल्ट या एककात मोजतात. एक व्होल्टचा विद्युतदाब ओलांडताना एका इलेक्ट्रॉनला जेवढी ऊर्जा मिळते तेवढी म्हणजे एक इलेक्ट्रॉन-व्होल्ट. वाफेच्या अणूची ऊर्जा याच्या दहाव्या ते तिसऱ्या हिश्शाइतकीच असते, आणि असा अणू पृष्ठभागावर जिथे टेकतो, जवळजवळ तिथेच चिकटून बसतो. आधी तयार झालेल्या उंचवट्यांच्या आडोशाला जे खळगे असतात त्यांत नंतरचे अणू पोहोचतच नाहीत. उंचवटे आणखी उंच होत जातात, खळगे तसेच राहतात, आणि अखेरीस सलग थराऐवजी ज्वारीच्या शेतातल्या उभ्या ताटांसारखी, एकमेकांना न चिकटलेल्या सूक्ष्म खांबांची गर्दी उभी राहते. खांबांमधल्या फटींतून हवा आणि पाणी आत शिरते, घासणे सुरू झाले की खांब मोडून पडतात, आणि मूळ पदार्थ कितीही कठीण असला तरी लेप कच्चा ठरतो.

कीव्ह येथील पॅटन संस्थेतील मोव्हचान आणि डेमचिशिन यांनी १९६९ मध्ये या रचनेचा नियम मांडला. थर साचताना वस्तूचे केल्व्हिनमधील तापमान त्या पदार्थाच्या वितळबिंदूच्या सुमारे तीन दशांशांपेक्षा कमी असेल तर अशी सच्छिद्र खांबांची रचना होते, आणि त्याहून अधिक तापमानाला अणूंना पृष्ठभागावर इकडेतिकडे सरकून फटी बुजवण्याइतके बळ मिळते. टायटॅनियम नायट्राइड सुमारे २,९५० अंश सेल्सिअसला, म्हणजे ३,२०० केल्व्हिनच्या थोडे वर वितळते. त्याचे तीन दशांश म्हणजे सुमारे ९७० केल्व्हिन, अर्थात जवळपास ७०० अंश सेल्सिअस. हायस्पीड स्टीलला पाणी देऊन कठीण केल्यावर ५५० अंशांच्या आसपास टेम्परिंग करतात आणि त्याहून बरेच अधिक तापवले तर ते मऊ पडते. लेप नीट बसवायचा तर पोलाद बिघडणार, आणि पोलाद जपायचे तर लेप कच्चा राहणार, असा हा पेच होता. टंगस्टन कार्बाइडच्या इन्सर्टना, म्हणजे हत्यारात बसवायच्या कापणाऱ्या तुकड्यांना, तो जाणवला नाही. १,००० अंशांची आच त्यांना सोसते, त्यामुळे वायूंच्या रासायनिक अभिक्रियेने त्यांच्यावर चढवलेले टायटॅनियम कार्बाइडचे लेप १९६० च्या दशकाच्या अखेरीसच बाजारात आले होते. पोलादी हत्यारांसाठी मात्र वस्तू न तापवता अणूंना हालचाल देणारी दुसरी युक्ती हवी होती.

ती आयनांनी पुरवली. अणूतला एखादा इलेक्ट्रॉन काढून टाकला की धन विद्युतभाराचा आयन उरतो, आणि भार असल्यामुळे त्याला विद्युतक्षेत्राने हव्या त्या दिशेला, हव्या त्या वेगाने पळवता येते. १०० व्होल्टचा विद्युतदाब लावला की त्याला १०० इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा मिळते. एक इलेक्ट्रॉन-व्होल्ट ही ऊर्जा तापमानाच्या भाषेत सुमारे ११,६०० केल्व्हिनशी जुळते, त्या हिशेबाने असा आयन म्हणजे दहा लाख अंशांहून अधिक तापलेला एकटा अणूच होय. तो जिथे आदळतो तिथले थोडे अणू सेकंदाच्या सुमारे लाख कोटीव्या भागापुरते जोरात हलतात आणि ती धग लगेच आजूबाजूला पसरून विझते. वस्तूचे एकंदर तापमान ३००-४०० अंशांच्या वर जात नाही, पण वाढत्या पृष्ठभागावरच्या अणूंना मात्र भट्टीत मिळाली असती तेवढी हालचालीची मोकळीक मिळते.

आयनांच्या आघाताने पृष्ठभागावरचे अणू उडतात, ही नोंद विल्यम ग्रोव्ह यांनी १८५२ मध्येच केली होती. या आघाताला विधायक कामाला जुंपले ते मात्र अमेरिकेतील सँडिया राष्ट्रीय प्रयोगशाळेतील डोनाल्ड मॅटॉक्स यांनी, १९६३ च्या सुमारास. ज्या वस्तूवर थर द्यायचा तिलाच त्यांनी ऋण विद्युतदाब दिला, कक्षातल्या विरळ वायूत विद्युत-विसर्ग घडवून त्याचे आयन तयार केले, आणि वाफ साचत असतानाच ते आयन वस्तूवर ओढले जातील अशी व्यवस्था केली. आयन प्लेटिंग या नावाने ओळखल्या गेलेल्या या पद्धतीने पुढे १९८० च्या आसपास पोलादी ड्रिल आणि हॉब सोनेरी केले, तेही ५०० अंशांखालच्या तापमानाला.

मॅटॉक्स यांच्या पद्धतीत आयन चहूबाजूंच्या पेटलेल्या वायूतून, म्हणजे प्लाझ्मातून येतात, त्यामुळे त्यांची संख्या, ऊर्जा आणि दिशा यांतली एक गोष्ट बदलली की बाकीच्याही थोड्याफार बदलतात. या तिन्ही गोष्टी स्वतंत्रपणे हातात घ्यायच्या तर आयनांचा वेगळा झोत हवा, आणि तो अवकाशविज्ञानातून आला. अमेरिकेच्या अवकाश संस्थेच्या क्लीव्हलंड येथील लुइस संशोधन केंद्रात हॅरॉल्ड कॉफमन यांनी १९६० च्या आसपास यान ढकलण्यासाठी आयनांचे इंजिन तयार केले. एका दंडगोलाकार कुपीत तापलेल्या तारेतून इलेक्ट्रॉन सुटतात, चुंबकीय क्षेत्रामुळे ते सरळ न जाता गिरक्या घेत राहतात, त्या गिरक्यांत वायूच्या अणूंना धडकून त्यांचे आयन बनवतात, आणि कुपीच्या तोंडाशी असलेल्या, समोरासमोर छिद्रे असलेल्या दोन जाळ्यांमधल्या विद्युतदाबाने हे आयन बाहेर फेकले जातात. २० जुलै १९६४ रोजी सर्ट-१ या अग्निबाणी उड्डाणात हे इंजिन अवकाशात सुमारे अर्धा तास चालले. तिथे वायूऐवजी पाऱ्याची वाफ वापरली होती. पुढे पाऱ्याच्या जागी आर्गॉन किंवा नायट्रोजन सोडून तीच कुपी लेपाच्या कक्षात बसवली गेली. यान पुढे ढकलण्यासाठी घडवलेले साधन पृष्ठभाग ठोकण्याच्या कामी आले, आणि विज्ञानात साधनांचा असा पुनर्जन्म वारंवार होत असला तरी हे उदाहरण विशेष सुंदर आहे, कारण यंत्राच्या मूळ रचनेत त्यासाठी फारसा बदल करावा लागला नाही. झोताच्या तोंडाशी इलेक्ट्रॉन सोडणारी एक तार मात्र आवश्यक असते, कारण अनेक सिरॅमिक पदार्थ वीज वाहू देत नाहीत आणि नुसते धन आयन आदळत राहिले तर पृष्ठभागावर भार साचून पुढचे आयन परतवले जातात.

कक्षातला दाब हवेच्या दाबाच्या सुमारे एक कोटीव्या भागाइतका खाली आणलेला असतो. एका बाजूला मुशीतला धातू इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याने वितळून वाफाळत असतो, दुसऱ्या बाजूने कॉफमन झोत वस्तूकडे रोखलेला असतो, आणि दोन्ही प्रवाह एकाच पृष्ठभागावर मिळतात. आयन-साहाय्यित लेपन असे या पद्धतीला म्हणता येईल. पहिली काही मिनिटे वाफ बंद ठेवून फक्त आयन सोडतात, ज्यांची ऊर्जा ५०० ते १,००० इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. पोलादावर कायम असणारी ऑक्साइडची आणि तेलकटपणाची साय त्यांनी खरवडून निघते. लेप सोलून निघण्याच्या तक्रारींत दोष बहुतेकदा लेपाचा नसतो, खालच्या या न दिसणाऱ्या सायीचा असतो, आणि म्हणून ही पहिली पायरी घाईने उरकणे सर्वांत महागात पडते. त्यानंतर वाफ सुरू झाली की पहिल्या थरांतले अणू आयनांच्या धक्क्याने पोलादात थोडे आत ढकलले जातात, पोलादाचे अणू लेपात येतात, आणि दोहोंमधली स्पष्ट रेघ पुसट होऊन काही अणूंच्या जाडीचा मिश्र पट्टा तयार होतो. तडा जायला जी रेघ सोयीची असते, तीच अशा रीतीने नाहीशी होते.

पुढे थर वाढत असताना काय घडते, याचे चित्र सिडनी येथे कार्ल-हाइन्झ म्युलर यांनी १९८० च्या दशकात संगणकावर अणूंची गणिते करून उभे केले. शे-दीडशे इलेक्ट्रॉन-व्होल्टचा आयन थरात जेमतेम एखाद्या अब्जांश मीटरपर्यंत, म्हणजे चार-पाच अणूंच्या खोलीपर्यंत शिरतो. वाटेत तो आडोसा करणाऱ्या उंचवट्यांचे शेंडे मोडतो, मोडलेले अणू शेजारच्या खळग्यांत पडतात, आणि काही अणू पुढच्या दिशेने ढकलले जाऊन पृष्ठभागाखालच्या पोकळ्यांत बसतात. नवी वाफ येण्याआधीच फटींची तोंडे बंद होत नाहीत, त्यामुळे त्या तळापासून भरत जातात. ज्वारीच्या ताटांमधली मोकळी जागा अशी भरून येते आणि थर सलग होतो. याचा परिणाम थेट काठिण्यात दिसतो, पण तो मोजणे सोपे नाही, कारण नेहमीच्या काठिण्य-परीक्षेतले हिऱ्याचे टोक दोन मायक्रॉनचा लेप भेदून खालच्या पोलादाचेच मोजमाप करून येते. म्हणून हिऱ्याचे सूक्ष्म टोक लेपाच्या जाडीच्या दहाव्या भागाहून अधिक आत जाऊ न देता, दाब आणि खोली सतत नोंदवत मापन करतात. ऑलिव्हर आणि फार यांनी १९९२ मध्ये मांडलेली गणिती पद्धत त्यासाठी आज सर्वत्र रूढ आहे. चिकटपणाची परीक्षा त्यामानाने सरळ असते: गोलसर हिऱ्याचे टोक वाढत्या भाराने लेपावरून ओढायचे आणि कोणत्या भाराला लेप सुटतो ते पाहायचे.

इथवर आयनांचे गुणच सांगून झाले. ठोके देण्याची किंमतही मोजावी लागते, आणि ती थरात साठणाऱ्या ताणाच्या रूपाने मोजावी लागते. आयनांनी आत ढकललेल्या अणूंना पुरेशी जागा नसते. ते दाटीवाटीने बसतात, थर आडवा पसरू पाहतो, पण खालचे पोलाद त्याला पसरू देत नाही, आणि म्हणून थर कायम दाबाखाली राहतो. हा दाब थोडा असेल तर तो उपकारकच असतो, कारण तडा उघडायचा तर आधी त्या दाबावर मात करावी लागते. परंतु तो सहज काही गिगापास्कलपर्यंत जातो. एक गिगापास्कल म्हणजे हवेच्या दाबाच्या सुमारे १०,००० पट. महासागराच्या सर्वांत खोल गर्तेत पाण्याचा दाब हवेच्या १,१०० पटींच्या आसपासच असतो, यावरून थरात काय कोंडलेले असते याची कल्पना यावी. थर जसजसा जाड होतो तसतशी ही कोंडलेली ऊर्जा वाढत जाते आणि एका जाडीला ती चिकटण्याच्या बळापेक्षा अधिक झाली की लेप पापुद्र्यासारखा फुगून उडतो. जोरात ठोकलेला लेप कक्षातून सुरेख बाहेर येतो आणि दुसऱ्या दिवशी आपोआप सुटतो, ही या क्षेत्रातली नेहमीची निराशा आहे.

या गुणदोषांचे सर्वांत टोकाचे आणि म्हणूनच सर्वांत शिकण्यासारखे उदाहरण घनीय बोरॉन नायट्राइडचे आहे. बोरॉन नायट्राइडची दोन मुख्य रूपे आहेत: एक ग्राफाइटसारखे मऊ, पापुद्र्यांचे षट्कोनी रूप, आणि दुसरे हिऱ्यासारखे घनीय रूप, ज्याचे काठिण्य हिऱ्याच्या खालोखाल असते. पोलाद कापण्यासाठी ते हिऱ्याहून सरस ठरते, कारण हिऱ्यातला कार्बन तापलेल्या लोखंडात विरघळतो, तर बोरॉन नायट्राइड टिकून राहते. रॉबर्ट वेंटॉर्फ यांनी जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत १९५७ मध्ये ते प्रथम तयार केले तेव्हा हजारो वातावरणांचा दाब आणि प्रखर उष्णता वापरावी लागली होती. लेपाच्या रूपात ते मिळवायचे तर आयनांच्या माऱ्यावाचून सहसा जमत नाही. बोरॉनची वाफ साचत असताना नायट्रोजन आणि आर्गॉन यांचे आयन आदळवले, तर आधी अस्ताव्यस्त अणूंचा थर बनतो, मग षट्कोनी पापुद्रे पृष्ठभागावर उभे राहिलेले दिसतात, आणि त्यांच्या कडांवर घनीय स्फटिक रुजू लागतात. पेनसिल्व्हानिया राज्य विद्यापीठातील केस्टर आणि मेसिअर यांनी १९९२ मध्ये दाखवले की साचणाऱ्या प्रत्येक बोरॉन अणूमागे आयनांकडून मिळणारा संवेग एका अरुंद पट्ट्यात असेल तरच घनीय रूप तयार होते. तो कमी पडला तर मऊ षट्कोनी रूपच राहते आणि जास्त झाला तर जेवढे साचते तेवढे उडून जाते. आयनांच्या माऱ्याने थरात कोंडला जाणारा प्रचंड दाबच हे रूप घडवतो, की आत शिरलेल्या अणूंची दाटी, की मऊ रूप अधिक वेगाने उडून जाणे, याबद्दल संशोधकांत बराच वाद झाला. पण त्या दाबाचा उपद्रव निर्विवाद आहे: असा थर काही शे अब्जांश मीटरपेक्षा जाड झाला की उडतो.

यावर जर्मनीतील उल्म विद्यापीठात २००० च्या सुमारास शोधलेला उपाय मोठा विलक्षण होता. तेथील संशोधकांनी पातळ थर वाढवला, मग तो थांबवून त्यावर काही लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचे आयन सोडले, आणि पुन्हा थर वाढवला. एवढ्या ऊर्जेचे आयन पृष्ठभागावर न थबकता पातळ थराच्या पार जातात, आणि जाताना वाटेतल्या अणूंना इतके हलवतात की दाटीवाटीने बसलेले अणू जागा बदलून मोकळे होतात, पण घनीय रूप मात्र मोडत नाही. अशा आलटून-पालटून केलेल्या क्रमाने एक मायक्रॉनहून जाड आणि जवळजवळ ताणमुक्त थर मिळाला. मंद आयनांनी निर्माण केलेला ताण वेगवान आयनांनी सोडवला. वेगवान आयनांचे हे सामर्थ्य त्याआधी वेगळ्या वाटेने वापरात आले होते. इंग्लंडमधील हार्वेल येथे जेफ्री डिअर्नली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात कोणताही लेप न देता थेट पोलादात नायट्रोजनचे आयन रोवून हत्यारांची झीज कमी केली होती, आणि त्यात लेपच नसल्याने सोलून निघण्याचा प्रश्नही नव्हता, मात्र सुधारलेला भाग मायक्रॉनच्या जेमतेम पाचव्या-दहाव्या हिश्शाइतकाच खोल असतो. याच्याही पुढे, दिल्लीच्या आंतरविद्यापीठ प्रवेगक केंद्रातल्या पेलेट्रॉन या प्रवेगकातून निघणारे जड आयन कोट्यवधी इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचे असतात. ते अणूंना धक्का देण्याऐवजी त्यांच्या इलेक्ट्रॉनांना चेतवत जातात, आणि त्यांनी थरांत काय बदल होतात हे पाहण्यासाठी देशभरातील विद्यापीठांतून नमुने तिथे नेले जातात.

हत्यारांच्या लेपांत मात्र प्रगती उलट दिशेने, हळुवारपणाकडे झाली. सुरुवातीला आयनांची संख्या फारशी वाढवता येत नसल्याने संशोधक त्यांचा जोर वाढवत, आणि दोन-तीनशे इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या पुढे थर दाट होत असला तरी त्यात आर्गॉन अडकून राही, स्फटिकांची रचना विस्कटे आणि ताण वाढे. ऑस्ट्रेलियातील विंडो आणि सॅव्हिडीस यांनी १९८६ मध्ये धातूचे अणू उडवणाऱ्या मॅग्नेट्रॉन या साधनातल्या चुंबकांचा समतोल मुद्दाम बिघडवून प्लाझ्मा वस्तूपर्यंत पसरवला, तेव्हा कमी ऊर्जेचे पण पुष्कळ आयन मिळू लागले. त्यानंतर अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठ आणि स्वीडनमधील लिंकोपिंग विद्यापीठ येथील संशोधकांनी १९९० च्या दशकात टायटॅनियम नायट्राइडवर केलेले प्रयोग या विषयातला मैलाचा दगड ठरले. आयनांची ऊर्जा अवघी २० इलेक्ट्रॉन-व्होल्ट ठेवून त्यांनी प्रत्येक टायटॅनियम अणूमागे आदळणाऱ्या आयनांची संख्या एकावरून दहापर्यंत नेली, आणि तेवढ्यानेच फटी बुजल्या, स्फटिकांची मांडणी बदलली, पण ताण फारसा वाढला नाही. एकूण ऊर्जा तीच असली तरी ती एका घावात देणे आणि दहा ठोक्यांत देणे यांचे फळ सारखे नसते, हे त्यातून सिद्ध झाले. लिंकोपिंग येथेच १९९९ मध्ये मॅग्नेट्रॉनला अखंड वीज देण्याऐवजी अतिशय अल्प काळाचे पण प्रचंड शक्तीचे झटके देण्याची पद्धत प्रसिद्ध झाली; तिच्यात धातूचेच बरेचसे अणू आयन होतात, म्हणजे हातोडी आणि साचणारा पदार्थ एकच होतो आणि उपऱ्या आर्गॉनची गरज कमी होते.

स्वतंत्र आयनझोताला हत्यारांच्या कारखान्यात फार मोठी जागा मिळाली नाही, हेही नोंदवले पाहिजे. झोत सरळ रेषेत जातो, हॉबच्या दातांच्या आडोशाला किंवा डायच्या खोल भोकात तो पोहोचत नाही, आणि शेकडो ड्रिल एकाच वेळी फिरवत लेप द्यायचा तर प्लाझ्माच सोयीचा पडतो. पण जिथे दिशा हाच मुद्दा असतो तिथे झोताला पर्याय नाही. जपानमधील फुजिकुरा कंपनीच्या संशोधकांनी १९९१ मध्ये सामान्य धातूच्या पट्टीवर झिर्कोनिया या सिरॅमिकचा थर वाढवताना आयनांचा झोत तिरपा रोखला; ज्या स्फटिकांच्या अणूंच्या ओळी झोताच्या दिशेला समांतर होत्या, त्यांच्यातून आयन फारसे न धडकता निसटले आणि ते स्फटिक वाचले, बाकीचे खरवडले गेले, आणि कंगव्याने केस विंचरावेत तसे सारे स्फटिक एका दिशेला लागले. अशा थरावर अतिवाहक पदार्थ वाढवून त्याच्या पट्ट्या किलोमीटरच्या लांबीने बनवणे त्यामुळे शक्य झाले.

झोताचा दुसरा मोठा उपयोग आरशांत झाला. इथे झोत वस्तूवर न सोडता लेपाच्या कच्च्या मालावर सोडतात, आणि तिथून उडालेले काही इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचे अणू काचेवर साचून इतका दाट आणि निर्दोष थर बनतो की त्यात प्रकाश जवळजवळ विखुरत नाही. १९७० च्या दशकात लेसर जायरोस्कोपसाठी सुरू झालेली ही पद्धत पुढे गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या अमेरिकेतील लायगो वेधशाळांच्या आरशांसाठी वापरली गेली. ३४ सेंटीमीटर व्यासाच्या आणि ४० किलोग्रॅम वजनाच्या त्या आरशांवर सिलिका आणि टायटॅनियम मिसळलेले टँटॅलम ऑक्साइड यांचे एकाआड एक थर फ्रान्समधील लियाँ येथे चढवले गेले. त्याच रचनेची, ४ किलोमीटर लांबीच्या भुजांची वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभारली जाणार असून तिला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये अंतिम मान्यता दिली. या आरशांच्या लेपांतील अणूंची उष्णतेमुळे होणारी बारीकशी थरथर हीच सध्या १०० हर्ट्झच्या आसपासच्या लहरी टिपण्यातली एक प्रमुख अडचण आहे, आणि ती कमी करण्यासाठी आयनांची ऊर्जा, थर साचण्याचा वेग, वस्तूचे तापमान आणि नंतरचे भट्टीतले शेकणे यांच्या नव्या जुळण्या जगभरच्या प्रयोगशाळांत तपासल्या जात आहेत.